पडद्यावर गेलेले घरचे वाक्य

आमच्या कंपनीत त्याला सगळे ‘आवाज’ म्हणत. खरे नाव हजेरीपत्रकात होते आणि तिथेच राहिले. ‘आवाजला निरोप द्या’, ‘आवाजचा घसा धरलाय, मीटिंग पुढे ढकला’ अशी वाक्ये आमच्या मजल्यावर इतक्या सहजपणे उच्चारली जात, की नव्याने आलेल्या माणसाला आपण कारखान्यात आलो आहोत की गायनाच्या वर्गात, असा प्रश्न पडावा.

आम्ही चालता न येणाऱ्या माणसांसाठी चाकांच्या खुर्च्या बनवतो आणि रुग्णालयांना विकतो. खुर्च्या चांगल्या असतात. हे मी कंपनीचे मीठ खातो म्हणून म्हणत नाही. कंपनीबद्दल चांगले म्हणण्याजोगे तेवढेच आहे म्हणून म्हणतो. माझे काम, कंपनीतून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक मजकुराची भाषा तपासणे. भाषेची एक पदवी घेतली, तीवर दुसरी घेतली, आणि मग ज्या वाक्यांत कर्ता औषधालाही सापडत नाही, अशा वाक्यांना विरामचिन्हे लावण्यात उमेदीची वर्षे घातली. ‘सर्वांगीण गुणवत्तेच्या माध्यमातून समाधानाकडे वाटचाल’ या ओळीत नक्की चालते कोण, हे मी एकदा लेखी विचारले होते. उत्तर आले नाही. पुढच्या आवृत्तीत वाटचाल ‘गतिमान’ झाली.

आवाज हा काय प्रकार होता, हे समजण्यासाठी आमच्याकडची एक पद्धत सांगायला हवी. पडद्यावर जे जे लिहिलेले असेल ते ते सगळे, पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत, मोठ्याने वाचून दाखवायचे, असा आमच्या कंपनीचा दंडक आहे. समोर बसलेल्यांना डोळे आहेत, अक्षरओळख आहे, ते आपले आपण वाचू शकतात, हा विचार करणे इथे उद्धटपणाचे समजले जाते. या दंडकाचा उगम मला ठाऊक आहे. कंपनी ज्यांनी काढली त्या थोरल्या मालकांची दृष्टी उतारवयात मंद होत गेली. माणूस मानी होता. दिसत नाही असे म्हणणार नाही. ‘जरा मोठ्याने वाचा हो, सगळ्यांना कळू दे,’ असे ते म्हणत. ‘सगळ्यांना’ म्हणजे कोणाला, हे सगळ्यांना कळत होते, आणि कोणीही ते बोलून दाखवत नव्हते. त्या काळी वाचून दाखवण्यात सभ्यता होती. थोरले मालक गेले. त्यांच्या चिरंजीवांना भिंतीवरची पाल आणि कर्मचाऱ्याची जांभई दोन्ही लांबून दिसतात. पण वाचन काही थांबले नाही. कारण विसरले गेले, आणि उरले त्याला ‘आपली परंपरा’ म्हणू लागले.

शिवाय, जे वाचलेच जाणार आहे ते भरपूर का असू नये? प्रत्येक खात्याने आपापल्या ओळी घातल्या. ओळ काढण्याची सोय नव्हती. एखाद्या खात्याची ओळ काढणे म्हणजे त्या खातेप्रमुखाचे नाक कापणे. त्यामुळे आमचे प्रेझेंटेशन दरवर्षी फुगत गेले. मी त्याला सादरीकरण म्हणत असे, पण चांगला शब्द अशा वस्तूसाठी वापरायची मला हळूहळू लाज वाटू लागली. शेवटी ते इतके अगडबंब झाले, की ज्या साहेबांनी ते लिहिले त्यांनाच ते वाचवेना. मग वाचायला माणूस नेमायचे ठरले, आणि आवाज आला.

तो आला बसस्थानकातून. तिथे उंचावरच्या काचेच्या खोलीत बसून गाड्यांची घोषणा करण्याची त्याची नोकरी होती. पुढे तिथे यंत्र बसवले, ठोकळ्या-ठोकळ्यांनी बोलणाऱ्या एका बाईचा ध्वनिमुद्रित आवाज आला, आणि याला घरी बसवले. माणूस साधा होता: शर्टाची वरची गुंडी नेहमी लावलेली, खिशात खडीसाखरेची पुडी, चालणे हळू. मात्र तोंड उघडले की खोलीतली हवा बदलत असे. खर्जातला, भरदार, कुठेही न घाई करणारा तो आवाज होता. ऐकणाऱ्याला उगाच वाटे की आपली काळजी घेतली जात आहे.

एकदा जेवणाच्या सुट्टीत मी त्याला विचारले होते, “तिकडचं काम बरं होतं, की इकडचं?”

“तिकडे मी बोललो की माणसं उठायची,” तो म्हणाला. “गाडी कुठली, कुठं लागलीय, कधी सुटणार. एवढंच. बोलून खाली बघितलं की पिशव्या उचललेल्या दिसायच्या. एखादी बाई झोपलेल्या पोराला खांद्यावर टाकून धावायची.”

“आणि इकडे?”

“इकडे माणसं बसतात,” तो म्हणाला, आणि डबा बंद केला.

पुढे मी लोकांपुढे कसे बोलावे या विषयावर किती पुस्तके चाळली, किती तज्ज्ञांची व्याख्याने कंपनीच्या आग्रहाखातर ऐकली. त्या सगळ्या भंपकपणात याहून शहाणे वाक्य मला भेटले नाही. बोलणे पोचले की नाही, हे टाळ्यांवरून कळत नाही. कोणी पिशवी उचलली का, एवढेच बघायचे असते.

आमच्या सभागृहात पिशवी उचलण्याचा प्रश्नच नव्हता. लांबलचक टेबल, पाण्याच्या बाटल्या, बिस्किटांच्या बशा, ओढलेले पडदे, गालिचाचा कोंदट वास आणि प्रोजेक्टरच्या पंख्याची घरघर. आवाज पडद्याशेजारी उभा राही आणि वाचू लागे. ऐकणाऱ्यांच्या पापण्या खाली येत. काही जण हनुवटीला हात लावून झोपत, म्हणजे ती विचारमुद्रा दिसे. आमचे वित्ताधिकारी तर पेन वहीवर टेकवून झोपत आणि त्यांच्या वहीत लांब लांब रेघा उमटत. शेवटी दिवे लागले की सगळे एकमुखाने म्हणत, ‘अप्रतिम.’ काय अप्रतिम, हे विचारायची सोय नव्हती. बाहेर पडून जिन्यात कोणाही पाहुण्याला विचारले असते की तू आत्ता काय ऐकलेस, तर तो म्हणाला असता, छान आवाज होता.

या सगळ्याचे कर्तेकरविते म्हणजे विक्रीखात्याचे मुख्य. त्यांना आम्ही ‘मुद्देसाहेब’ म्हणत असू, कारण समोरच्याने तोंड उघडायच्या आत ‘मुद्दा काय आहे?’ असे विचारण्याची त्यांना सवय होती. त्यांना तसे विचारण्याची हिंमत मात्र कोणात नव्हती, आणि विचारले असते तरी निष्पन्न काही झाले नसते.

त्याच सुमारास आवाजच्या बायकोला अर्धांगवायूचा झटका आला. डावा हात आणि डावा पाय गेला. वाचा शाबूत राहिली. किंबहुना, आवाजच्या म्हणण्याप्रमाणे, गेलेल्या बाजूची सगळी ताकद तिकडेच वळली. मी त्यांना वहिनी म्हणतो. पूर्वी त्या शिवणाचे वर्ग घेत, त्यामुळे माणसाला मापात ठेवायची त्यांना हातोटी आहे. कंपनीने आवाजला घरी एक खुर्ची दिली. उजव्या हाताने चाक ढकलायचे, उजव्या पायाने दिशा द्यायची, असे वहिनी शिकल्या. अडचण एकच होती. खुर्चीला दोन बाजूंना दोन ब्रेक. डावा ब्रेक लावायला उजवा हात पलीकडे न्यावा लागे, त्या झोकाने खुर्ची गर्रकन फिरे, आणि ओट्याशी काही करायचे म्हटले की नवऱ्याला हाक मारून खुर्ची धरायला लावावी लागे. पुढे कारखान्यात एका दांड्याने दोन्ही चाके अडवणारी नवी खुर्ची तयार झाली. तिचा पहिला नमुना चाचणीसाठी वहिनींकडेच गेला. तेव्हापासून आवाज कामावर येताना शीळ घालत येऊ लागला. मी कारण विचारले, तर म्हणाला, “घरातून हाकलून देतात हो मला हल्ली.” आणि हसला.

आता मूळ प्रसंग. बऱ्याच रुग्णालयांची मिळून एक संस्था आहे, तिच्या वतीने खुर्च्या पाहायला एक मेट्रन आल्या. स्थूल बाई, छातीवर उलटे लावलेले घड्याळ, आणि टेबलाखाली बुटांतून अर्ध्या बाहेर काढलेल्या सुजलेल्या टाचा. त्यांनी सुरुवातीचे बरेचसे वाचन शांतपणे सोसले. मग पडद्यावर नव्या खुर्चीची स्लाइड आली आणि आवाजने वाचले, “एकहस्त-नियंत्रित द्विचक्रीय स्थिरीकरण प्रणाली.”

“म्हणजे काय?” मेट्रन म्हणाल्या.

खोलीत कोणाचीतरी झोप मोडल्याचा आवाज झाला. असा प्रश्न आमच्या सभागृहात कोणी विचारलेला नव्हता.

“पुढे येतंय ते, मॅडम,” मुद्देसाहेब म्हणाले.

“पुढचं पुढे. मला आत्ता सांगा. माझ्या वॉर्डात निम्मी माणसं एका अंगानं गेलेली असतात. त्यांचं काय?”

आवाजने पडद्याकडे पाहिले. पडद्यावर उत्तर नव्हते. मुद्देसाहेब त्याला पुढे चला अशी खूण करत होते, पण त्याने बाईंकडे वळून, वाचण्याचा सूर सोडून, नेहमीच्या बोलण्यात सांगितले, “म्हणजे एकच दांडा ओढला की दोन्ही चाकं अडतात. माझ्या बायकोची डावी बाजू गेलीय. आधीच्या खुर्चीचा डावा ब्रेक लावायला ती वाकायची, तेवढ्यात खुर्ची फिरायची. म्हणून धरायला मी लागायचो. आता फरक एवढाच पडलाय, की पूर्वी बायको मला स्वयंपाकघरात बोलवायची, आता हाकलून देते.”

मेट्रन मनापासून हसल्या. मग त्यांनी टाचा बुटांत घातल्या. मला ते स्पष्ट दिसले, कारण मी टेबलाच्या टोकाला बसलो होतो.

“खुर्ची कुठं आहे ती?”

खुर्ची खाली गोदामात होती. खुर्ची विकायच्या खोलीत खुर्ची आणून ठेवावी, हे इतक्या वर्षांत एकाही शहाण्याला सुचलेले नव्हते. ती वर आणली. मेट्रन तीत बसल्या, डावा हात स्वतःच्या पट्ट्यात खोचून टाकला, एका हाताने आणि एका पायाने दारापर्यंत गेल्या, दांडा ओढला, मागे रेलून पाहिले, आणि म्हणाल्या, “ही द्या आम्हाला.” उरलेल्या स्लाइड उरल्या. मुद्देसाहेब कासावीस होऊन म्हणत होते, “मॅडम, अजून अर्धं बाकी आहे,” आणि मॅडम तोवर जिन्यात पोचल्या होत्या.

एवढ्यावर हे संपते, तर मी लेखणी उचललीच नसती. इथपर्यंत जे घडले ते कोणाही धडधाकट बुद्धीच्या माणसाला कळेल. बाईंनी प्रश्न विचारला, तो त्यांच्या वॉर्डचा होता. याने उत्तर दिले, ते त्याच प्रश्नाचे होते. वस्तू समोर आणली, बाईंनी स्वतः हात लावून पाहिली. यात गूढ काही नाही. पण आमच्याकडे दुसऱ्या दिवशी ‘यशाची मीमांसा’ करण्यासाठी बैठक भरली. एकाने यश पडद्याच्या निळ्या रंगाला दिले. दुसऱ्याने बिस्किटे बदलल्याची आठवण करून दिली. मुद्देसाहेब सगळे ऐकून म्हणाले, “मुद्दा भावनेचा आहे. ते बायकोचं वाक्य घ्या.”

आणि ते वाक्य घेतले. प्रेझेंटेशनमध्ये एक नवी स्लाइड चढली. मोठ्या अक्षरांत ‘पूर्वी माझी पत्नी मला स्वयंपाकघरात बोलवायची, आता हाकलून देते!’ असे उद्गारचिन्हासह, आणि खाली ‘सक्षमीकरणाची अनुभूती’. शेजारी छायाचित्र: कोणी एक तरुण, गोरीपान बाई, केस वाऱ्यावर उडत असलेली, दोन्ही हात दोन्ही चाकांवर ठेवून हसत आहे. भाषा तपासायला ते माझ्याकडे आले. मी लिहून कळवले, की वाक्य एका हाताबद्दल आहे आणि चित्रातल्या बाईंचे दोन्ही हात ठणठणीत आहेत. उत्तर आले, ‘चित्र प्रातिनिधिक आहे.’ वर आणखी सुधारणा अशी, की ‘हाकलून देते’ ही अक्षरे एकामागून एक उडत येऊन पडद्यावर आपटू लागली. खुर्ची मात्र गोदामातच राहिली. ती वर आणावी असे मीमांसेत कोणी सुचवले नव्हते.

आता ते वाक्य आवाजला दर प्रेझेंटेशनला वाचावे लागू लागले. पहिल्यांदा तो अडखळला. नंतर त्याने ते गाड्यांच्या घोषणेसारखे वाचायला सुरुवात केली, सपाट. पाहुणे त्या जागी हसले नाहीत, तर आमचेच अधिकारी हसून दाखवत. पुढे पुढे तर अक्षरे उडायला लागण्याआधीच हसत. ती हशा पिकवायची ठरलेली जागा झाली. मला त्या हसण्याची जेवढी शिसारी आली, तेवढी त्यांच्या घोरण्याची कधी आली नव्हती.

वहिनींना त्याने यातले काही सांगितले नव्हते. त्या ज्या केंद्रात व्यायामाला जात, तिथे आमच्या कंपनीने भिंतीवर एक टीव्ही बसवून दिला होता आणि त्यावर हेच प्रेझेंटेशन आवाजच्या ध्वनिमुद्रणासह दिवसभर फिरत असे. मला हे सगळे कळले ते सुट्टीच्या दिवशी त्यांच्याकडे गेलो तेव्हा. मी दारातच होतो, आणि वहिनी स्वयंपाकघरातून अत्यंत गोड आवाजात म्हणत होत्या, “अहो, या ना आत. बसा. उभे का?”

आवाजचा चेहरा उतरला होता. तो माझ्या कानाशी म्हणाला, “आठवडाभर असंच चाललंय. हाकलत नाही.”

“भावजी, तुम्हीही या,” वहिनी म्हणाल्या. “माझी सवत बघितलीत का तुम्ही?”

“कोण?”

“ती हो, केस उडणारी. आम्ही तिथं सगळ्या जणी दोऱ्या ओढत बसलेल्या, आणि भिंतीवर यांचा आवाज. म्हटलं, हे इथं कसे? बघते तर माझी गंमत त्या बाईच्या नावावर. शेजारची विचारते, ही यांची बायको का? म्हटलं, असेल. माझ्यापेक्षा बरी दिसते. दोन्ही हात चालतात.”

“अगं, मी नाही दिलं ते त्यांना,” आवाज म्हणाला. “त्या बाईंनी विचारलं म्हणून बोललो.”

“त्या बाईंना सांगितलंत, त्याचं मला काही नाही. चांगलं केलंत. त्यांना विचारायचं होतं, तुम्ही सांगितलं. पण ज्यांनी विचारलंच नाही, त्यांना रोज कशाला सांगता?” वहिनींनी उजव्या हाताने डावा हात उचलून मांडीवर नीट ठेवला. “या घरात मी एवढी एक गंमत कमावली होती. आता तुम्हाला बाहेर जा म्हणायला तोंड उघडलं, की वाटतं, कोणीतरी खालून टाळ्या वाजवील. म्हणून म्हणत नाही. बसा तुम्ही इथंच. लुडबुड करा.”

आवाज ओट्याशी मान खाली घालून उभा राहिला.

“माझं वाक्य तेवढं घेऊन या तिथून,” वहिनी म्हणाल्या. “मग बोलू.”

तो मुद्देसाहेबांकडे गेला. मला बरोबर नेले. म्हणाला, मला मांडता येत नाही, मला वाचताच येतं. मांडायची वेळ आली नाही. साहेबांनी पहिल्याच वाक्याला विचारले, “मुद्दा काय आहे?”

“ती स्लाइड काढा, साहेब. ते आमच्या घरातलं आहे. बायकोला आवडत नाही.”

“काढा? स्लाइड काढत नसतात. आणि ती तर चालणारी स्लाइड आहे.”

“कुठं चालतीय साहेब? त्या मेट्रन गेल्यावर एकानं तरी खुर्ची बघायला मागितली का?”

“ते वेगळं. भावना पोचतेय.” मग साहेबांनी आवाज खाली आणला, समजूत घालावी तसा. “हे बघा, वाक्य तुमचं, मान्य. पण ते तुम्ही बोललात कंपनीच्या खोलीत, कंपनीच्या वेळेत, कंपनीच्या पाहुण्यांशी. म्हणजे ते कोणाचं झालं?”

माणसाच्या बायकोचा लुळा पडलेला हात, तिने त्यातून काढलेली वाट, त्यावर दोघांनी घरात केलेली थट्टा. आणि हा गृहस्थ त्या सगळ्यावर गोदामातल्या मालासारखा शिक्का मारू पाहत होता. मी तसे म्हणालो. साहेब म्हणाले, “तुम्ही भाषा बघा.”

आवाज मात्र चिडला नाही. त्याने एवढेच विचारले, “आणि मी वाचलं नाही तर?”

“वाचायलाच ठेवलंय तुम्हाला,” साहेब म्हणाले.

पुढच्या वेळी वृद्धाश्रम चालवणाऱ्या एका न्यासाची मंडळी आली होती. नेहमीची बिस्किटे, नेहमीची घरघर. आवाज वाचत होता, श्रोते आपापल्या फोनमध्ये बुडाले होते. ती स्लाइड आली. अक्षरे उडत येऊन आपटली. आमचे अधिकारी हसायला तयार होऊन बसले होते.

आवाज थांबला. पडद्याकडे पाठ करून म्हणाला, “हे मी वाचणार नाही. हे आमच्या घरचं आहे.”

आणि पुढची स्लाइड घ्या अशी खूण त्याने केली.

कधी नव्हे ते सगळ्या माना फोनमधून वर आल्या. पाहुण्यांतल्या एका वयस्कर गृहस्थांनी विचारले, “मागं घ्या जरा. काय होतं ते?” स्लाइड पुन्हा आली. गृहस्थांनी ती स्वतः, मनातल्या मनात वाचली. “या तुमच्या पत्नी का?”

“नाही,” आवाज म्हणाला. “ही कोण ते मला माहीत नाही. माझी बायको घरी आहे.”

मग तो पुन्हा पडद्याकडे वळला आणि उरलेले सगळे, एक अक्षर न गाळता, त्याच भरदार आवाजात वाचून दाखवले. नोकरी वाचवण्यासाठी नव्हे. हातातले काम अर्धवट सोडायची त्याला सवय नव्हती.

त्याला काढले नाही. आमची कंपनी माणसे काढत नाही, कोपऱ्यात ठेवते. त्याला खाली माल रवाना करायच्या विभागात पाठवले. तिथे तो ध्वनिक्षेपकावरून सांगतो, कुठली गाडी कुठल्या दाराला लावायची. ही शिक्षा आहे असे वरच्या मजल्यावर अजून मानतात. मी जिन्यातून उतरताना एकदा थांबून पाहिले. तो बोलला, आणि हमालांनी खोकी उचलली.

आणि ती स्लाइड? ती राहिली. आवाजच्या जागी वाचायला एक मुलगी नेमली, नुकतीच व्यवस्थापनाची पदवी घेऊन आलेली. ती बिचारी माझ्याकडे येऊन म्हणाली, “सर, ‘माझी पत्नी’ असं मी कसं म्हणू?” मी म्हणालो, म्हणूच नका. तिने ते साहेबांना सांगितले, आणि साहेबांना दृष्टांत झाला. आता स्लाइडवर ‘माझ्या’ या शब्दापुढे रिकामी जागा आहे. जो वाचेल त्याने तिथे आपल्या नात्यातले एखादे माणूस घालायचे आणि त्याची एक बाजू गेल्याचे सांगायचे. मुलीने आजी घातली. दुसऱ्या एकाने काका घातले. मुद्देसाहेब मोठ्या गिऱ्हाइकांपुढे स्वतः बोलतात, तेव्हा सासूबाई घालतात; त्यांच्या सासूबाई रोज स्वतःच्या पायांनी बाजारात जाऊन भाजीवाल्याशी भांडतात, हे मी पाहिलेले आहे. शेवटी वाचणाऱ्यासाठी एक सूचनाही जोडली आहे: ‘येथे क्षणभर थांबावे. श्रोत्यांवर परिणाम होतो.’ हे थांबणे कोणाचे होते आणि तो कशासाठी थांबला होता, हे त्या सूचनेत लिहिलेले नाही. माझ्याकडे तपासायला आले तेव्हा शेरा एवढाच होता, की रिकाम्या जागेत कोणतेही नाते बसेल अशी वाक्यरचना करून द्यावी.

मी ती करून न देता घरी निघालो, आणि वाटेत आवाजकडे गेलो. दोघेही स्वयंपाकघरात होते. वहिनी भाजी चिरत होत्या. लाकडी फळीला खालून खिळा मारून घेतला होता, त्यात बटाटा खोचायचा आणि एका हाताने कापायचा. आवाज शेजारी स्टुलावर बसून होता, पाहुण्यासारखा. मला चहा मिळाला. मी सगळे सांगितले. आजी, काका, रिकामी जागा, थांबण्याची सूचना.

“सासूबाई?” वहिनींची सुरी थांबली. “सगळ्यांच्याच घरी एकेक बाजू गेली म्हणा की.”

“तसंच आहे.”

“आणि कोणी ऐकतं का ते?”

“नाही, वहिनी. झोपतात.”

त्यांनी उरलेला बटाटा पुन्हा खिळ्यात खोचला. आवाज अंग चोरून बसला होता. “मी आणू नाही शकलो,” तो म्हणाला. “ते देत नाहीत.”

“आणायचं काय आता त्यातलं?” वहिनी म्हणाल्या. “भावजी, तुम्ही शिकलेले आहात, तुम्ही सांगा. त्यात माझं काही उरलंय का?”

मी विचार केला. पत्नी गेली होती, हात गेला होता, स्वयंपाकघर कोणाचेही झाले होते. “नाही,” मी म्हणालो. “तुमचं त्यात काहीच उरलेलं नाही.”

“मग सुटले,” वहिनी म्हणाल्या. त्यांनी खुर्ची एका पायाने मागे घेतली, ओट्याकडे तोंड केले, दांडा ओढला. दोन्ही चाके एकदम अडली. खट्ट असा एकच आवाज झाला.

“चला, उठा दोघंही,” त्या आमच्याकडे न बघता म्हणाल्या. “मला जागा होत नाही. कप बाहेर न्या.”

आम्ही आपापले कप उचलले आणि बाहेर गेलो. आवाजने व्हरांड्यात पोचेपर्यंत शीळ घालायला सुरुवात केली होती.